दोष जागेचा की घराचा? आपत्तीनंतर गाव पुन्हा उभं करताना

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात आणि सोलापूर जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. सीना नदीचं पाणी ओसरलं तेव्हा नदीकाठच्या कितीतरी शेतांत पीक तर नव्हतंच, मातीही उरली नव्हती. त्यानंतर कानावर पडणारे शब्द आपल्या ओळखीचे आहेत: पंचनामे, पॅकेज, याद्या, हप्ते, खरडून गेलेल्या जमिनीची मदत. दरड कोसळली तर त्यात ‘पुनर्वसन’ आणि ‘कायमस्वरूपी उपाययोजना’ यांची भर पडते. मग कधीतरी आतल्या पानावर बातमी येते, की पुनर्वसन रखडलं.

नेमकं काय रखडलं, हे मात्र सहसा कळत नाही. कारण या सगळ्या शब्दांची सरमिसळ झालेली असते. मदत म्हणजे पहिल्या काही आठवड्यांत माणसं जगवणं: अन्न, पाणी, औषध, निवारा. पुनर्बांधणी म्हणजे घरं, रस्ते, शाळा परत उभ्या करणं. पुनर्वसन त्याहून मोठं असतं. शेती, रोजगार, शेजार, मुलांचं शिक्षण हे सगळं पुन्हा सुरू होऊन माणूस स्वतःच्या पायावर उभा राहिला, तर पुनर्वसन झालं. आणि चौथी गोष्ट, जिला पॅकेजमध्ये एखाद्या ओळीचीच जागा मिळते, ती म्हणजे पुढच्या वेळी एवढं नुकसान होऊ नये याची तजवीज.

ही चौथी गोष्ट पहिल्या तिन्हींच्या पोटात असायला हवी. पुढच्या आपत्तीत किती माणसं दगावणार, हे बऱ्याच अंशी या आपत्तीनंतरच्या दोन-तीन वर्षांत ठरत असतं. घर कुठे बांधायचं, कशाचं बांधायचं, कोणी बांधायचं हे निर्णय त्याच काळात होतात आणि पुढे पन्नास वर्षं टिकतात. महाराष्ट्राला याचा मोठा अनुभव आहे. किल्लारीपासून सुरुवात करू.

दोन भूकंप, दोन्ही पहाटेचे

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांच्या सीमेवर भूकंप झाला. तीव्रता ६.२. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूच्या गावांत मिळून सुमारे आठ हजार माणसं गेली.

साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ ला, अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिज इथे भूकंप झाला. तोही पहाटेच, ४ वाजून ३१ मिनिटांनी. तीव्रता ६.७, म्हणजे बाहेर पडलेली ऊर्जा किल्लारीच्या पाचपटीहून अधिक. परिसर दाट वस्तीचा. मृतांची संख्या साठच्या आसपास.

कुठलेही दोन भूकंप तंतोतंत सारखे नसतात. खोली, जमिनीचा प्रकार, अंतर यांनी फरक पडतो. पण आठ हजार आणि साठ यांच्यातली दरी त्यानं भरून निघत नाही. दोन्हीकडे माणसं गाढ झोपेत होती. फरक होता तो त्यांच्या डोक्यावर आणि आजूबाजूला काय उभं होतं, याचा.

तज्ज्ञ ज्याला ‘जोखीम’ म्हणतात ती इथे समजून घेता येते. जोखीम तीन गोष्टींतून तयार होते: निसर्गाचा धोका किती मोठा, त्याच्या तडाख्यात किती माणसं आणि घरं येतात, आणि ती घरं व माणसं किती कमकुवत आहेत. पहिली गोष्ट सहसा आपल्या हातात नसते. दुसरी आणि तिसरी असते. पुनर्बांधणी म्हणजे या दोन गोष्टी बदलण्याची संधी, आणि त्या तशाच ठेवल्या तर जोखीमही जशीच्या तशी परत बांधली जाते.

किल्लारीची घरं का पडली?

मराठवाड्यातलं जुनं घर म्हणजे दगडमातीच्या दोन-दोन फूट किंवा त्याहून जाड भिंती आणि वर माळवद. लाकडी खांब-तुळयांवर फळ्या आणि त्यावर मातीचा जाडजूड थर. उन्हाळ्यात आत गारवा राहतो, जाड भिंतीमुळे चोर-दरोडेखोरांपासून निर्धास्त वाटतं. पावसाळ्यात गळायला लागलं की वर आणखी थोडी माती टाकायची. पिढ्यान् पिढ्या असं केल्यावर डोक्यावर किती टन माती साठली, याचा हिशेब कोणी ठेवला नव्हता.

भूकंपात जमीन आडवी हलते आणि घराला तो हिसका सोसावा लागतो. वस्तू जितकी जड, तितका हिसका मोठा. एसटीत ड्रायव्हरनं अचानक ब्रेक मारला की मोकळा उभा असलेला माणूस सावरतो, डोक्यावर धान्याचं पोतं घेऊन उभा असलेला पडतो. माळवदाचं घर त्या दुसऱ्या माणसासारखं होतं.

पण वजनापेक्षा घातक दोष भिंतीच्या आत होता. दोन फुटी भिंत बाहेरून एकसंध दिसते, प्रत्यक्षात त्या दोन भिंती असतात: एक आतल्या अंगाची, एक बाहेरच्या. मधली पोकळी दगडगोटे आणि मातीनं भरलेली. दोन्ही अंगांना बांधून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा दगड बहुतेक घरांत नव्हताच. हादरे बसले तशी आतली भरताड खाली बसली, दोन्ही अंगं फुगली आणि उसवली. काही घरांत लाकडी सांगाडा उभा राहिला आणि भिंती ढासळल्या. लोक दगडांखाली आणि मातीखाली गाडले गेले. मातीखाली श्वास घ्यायलाही जागा राहत नाही.

दगडाचं घर मुळातच वाईट, असा निष्कर्ष यातून निघत नाही. भिंत रचताना साधारण दर दोन फूट उंचीवर आणि चार फूट अंतरावर एक आरपार दगड बसवला, कोपऱ्यांत लांब दगड एकमेकांत गुंतवले, आणि दारं-खिडक्यांच्या वरच्या पातळीवर सगळ्या भिंतींना वेढणारा लोखंडी सळ्यांचा काँक्रीट पट्टा घातला, तर तेच दगड भूकंपात कितीतरी जास्त टिकतात. पट्ट्यामुळे चारही भिंती एकत्र हलतात, एकेकटी भिंत बाहेर पडत नाही. यात परदेशातून आणावं लागेल असं काही नाही. गवंड्याला माहीत असायला हवं आणि मालकानं आग्रह धरायला हवा, इतकंच.

मग आधी का केलं नव्हतं? १९९२ मध्ये या भागात छोटे धक्के बसले होते, लोकांनी ते अनुभवले होते. पण देशाच्या त्या वेळच्या भूकंप नकाशात हा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होता. भूकंपाचा विचार करून घर बांधायला हवं, असं इथल्या गवंड्याला किंवा इंजिनिअरला कोणी सांगितलं नव्हतं. पुढे २००२ च्या सुधारित नियमांत झोन १ हा प्रकारच काढून टाकण्यात आला आणि किल्लारीचा परिसर झोन ३ मध्ये आला. नकाशातला ‘कमी धोका’ म्हणजे ‘धोका नाही’ असा अर्थ घेतला, तर काय होतं, ते आपण पाहिलं.

दोष घराचा, मग गावं का हलवली?

भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवण्यात आली. पंचवीस हजारांहून अधिक घरं नव्यानं बांधली गेली. जागतिक बँकेचं कर्ज, राज्य सरकारची यंत्रणा, देशभरातल्या संस्था आणि उद्योग असं सगळं बळ त्यामागे उभं होतं.

पण किल्लारीची जमीन नव्या किल्लारीच्या जमिनीपेक्षा भूकंपाच्या दृष्टीनं फारशी वेगळी नव्हती. काही किलोमीटर सरकल्यानं भूकंप चुकत नाही. जुन्या जागी नीट बांधलेलं घर जितकं सुरक्षित, साधारण तितकंच नव्या जागी. केवळ जोखमीचा विचार केला, तर एवढ्या मोठ्या प्रमाणावर स्थलांतराची गरज नव्हती, असं मला वाटतं.

तरीही तो निर्णय नुसता सरकारी हट्ट म्हणून मोडीत काढणं अन्यायाचं होईल. ज्या ढिगाऱ्यातून आपली माणसं काढली, ज्या गल्लीत चिता पेटल्या, तिथे परत राहायचं नाही, असं लोकच म्हणत होते. धक्के सुरूच होते. ढिगारे उपसायलाच महिनोन् महिने लागले असते. त्या दुःखातून निघालेली मागणी होती, तिचा मान राखायलाच हवा होता. गोची अशी, की दुःखाच्या पहिल्या महिन्यात घेतलेला निर्णय पुढच्या तीन पिढ्यांना निभवावा लागतो.

जुनी गावठाणं दाटीची होती. अरुंद गल्ल्या, एकाला लागून एक वाडे, ओट्यावर गप्पा. नवी गावं सरळ रेषांची, रुंद रस्त्यांची आणि जुन्यापेक्षा कितीतरी पसरलेली. पसरलेलं गाव म्हणजे रस्ता लांब, पाइपलाइन लांब, दिव्यांचे खांब जास्त, आणि हे सगळं सांभाळायची जबाबदारी त्याच गरीब ग्रामपंचायतीवर. नव्या गावांसाठी लागलेली जमीन शेतीची होती. काहींचं शेत घरापासून लांब गेलं. घरं जमीनधारणेनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची दिली गेली. त्या आराखड्यात बैल कुठे बांधायचे, कडबा कुठे रचायचा, धान्य कुठे ठेवायचं, चूल कुठे पेटवायची, हे प्रश्न बहुतेक ठिकाणी विचारलेच गेले नव्हते. लोकांनी मग आपापल्या परीनं पडव्या, गोठे, स्वयंपाकघरं जोडली. मूळ घर भूकंपरोधक, आणि त्याला टेकून उभी केलेली नवी भिंत पुन्हा तशीच सुटी. जोखीम अशी मागच्या दारानं घरात परत येते.

ज्या कामाची फारशी चर्चा झाली नाही

५२ गावांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. त्याच कार्यक्रमात जवळपास दोन लाख घरांच्या दुरुस्तीचं आणि मजबुतीकरणाचं काम झालं, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. ही घरं शेकडो गावांत पसरलेली होती, काही पडझड झालेली, काही नुसतीच तडकलेली. लोकांना त्यांच्याच जागी, हप्त्याहप्त्यानं मदत मिळाली, गवंड्यांना आणि कनिष्ठ अभियंत्यांना प्रशिक्षण मिळालं, आणि घर मालकानं स्वतःच्या देखरेखीखाली बांधायचं ठरलं.

या कामात गावोगावच्या महिला मंडळांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलं गेलं. स्वयम् शिक्षण प्रयोग ही संस्था त्यामागे होती. कोणाला किती हप्ता मिळणार, सिमेंट किती, पट्टा कुठे घालायचा, पैसे का अडकले, या सगळ्याची माहिती घरोघरी नेण्याचं काम या बायकांनी केलं. यातल्या कितीतरी जणी त्याआधी ग्रामपंचायतीच्या बैठकीतही बसलेल्या नव्हत्या. सरकार आणि घरमालक यांच्यातला हा दुवा नसता, तर दोन लाख घरांचा कार्यक्रम कागदावरच राहिला असता, असं मी ठामपणे म्हणेन.

मात्र एक गोष्ट तिथेही मनासारखी झाली नाही. बहुतेकांनी मिळालेल्या मदतीतून जुनं घर मजबूत करण्याऐवजी शेजारी विटांची एक नवी खोली बांधली. दगडावरचा त्यांचा विश्वासच उडाला होता. ‘दगडानं आमची माणसं मारली’ या भावनेपुढे आरपार दगड आणि पट्टा यांचं गणित तोकडं पडलं. परिणामी झोपायला नवी खोली, आणि दिवसाचा वावर, स्वयंपाक, म्हातारी माणसं त्याच जुन्या माळवदाखाली. लोकांना हे पटवायचं, तर चार भिंतींचा नमुना गावात उभा करून, मजबूत केलेली भिंत आणि साधी भिंत दोन्ही हलवून दाखवावी लागते. तांत्रिक उपाय बरोबर असून भागत नाही.

या अनुभवाचा पुढे उपयोग झाला. २६ जानेवारी २००१ च्या कच्छ भूकंपानंतर गुजरातेतही गावं हलवण्याची चर्चा झाली होती, पण बहुतेक गावांनी नकार दिला. तिथे सुमारे दोन लाख घरं मुख्यतः मालकांनीच बांधली. सरकारनं पैसे टप्प्याटप्प्यानं दिले, आणि पुढचा टप्पा देण्याआधी अभियंत्यानं पाया आणि पट्टे तपासले. पैसा आणि तपासणी यांची ही सांगड महत्त्वाची. नुसता पैसा दिला तर घर होतं, सुरक्षित घर होईलच असं नाही.

पण जागाच धोक्याची असेल तर?

तर उत्तर उलटं होतं, आणि म्हणूनच पहिला प्रश्न ‘दोष जागेचा की घराचा’ हा असायला हवा.

३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर आला आणि दीडशेच्या वर माणसं गाडली गेली. २२ जुलै २०२१ ला महाडजवळच्या तळियेत ऐंशीहून अधिक जण गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गेली. २७ मृतदेह सापडले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. या तिन्ही ठिकाणी घर कितीही भक्कम असतं तरी वाचलं नसतं. सह्याद्रीच्या उतारावर कातळावर झिजलेल्या मातीचा आणि मुरमाचा थर असतो. काही दिवस धो-धो पाऊस पडला की पाणी त्या थरात मुरतं, वजन वाढतं, कातळावरची पकड सुटते आणि अख्खा थर खाली येतो. अशा वेळी काँक्रीट पट्टा काही करू शकत नाही. इथे गाव हलवणं हाच उपाय.

पण हलवायचं कुठे, यात आपण पुन्हा अडखळतो. नवं माळीण आमडे इथे वसवलं गेलं, २०१७ मध्ये लोक राहायला गेले, आणि पहिल्याच पावसात तिथले रस्ते खचले, भरावाची माती वाहिली. डोंगराळ भागात सपाट जागा नसतेच. मग उतार कापून आणि माती भरून ती तयार करावी लागते. भराव बसायला वेळ लागतो. पाणी कुठून निघणार याची सोय आधी आणि घरं नंतर, हा क्रम पाळला नाही तर नव्या जागीही जुनीच भीती सोबत येते.

दरडीच्या बाबतीत एक जमेची बाजू आहे. भूकंप पूर्वसूचना देत नाही, दरड बऱ्याचदा देते. उतारावर नव्या भेगा, झाडं किंवा विजेचे खांब कलणं, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं किंवा नव्या ठिकाणी पाझर फुटणं, दारं-खिडक्या अडकायला लागणं. ही चिन्हं गावातल्या माणसालाच आधी दिसतात. ती दिसली तर किती पावसाला कोणी, कुठल्या वाटेनं, कुठे जायचं हे ठरलेलं असणं, ही पुनर्वसन होईपर्यंतच्या वर्षांतली सर्वांत स्वस्त सुरक्षितता आहे.

‘शंभर वर्षांत एकदा येणारा पूर’ म्हणजे काय?

पुराचं प्रकरण मधलं आहे. दोष थोडा जागेचा, थोडा घराचा, थोडा नदीला दिलेल्या वागणुकीचा. इथे सर्वांत जास्त गोंधळ पूररेषांवरून होतो.

नदीकाठी जलसंपदा विभाग दोन रेषा आखतो. निळी रेषा ढोबळमानानं २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ऐकणाऱ्याला वाटतं, २०१९ ला मोठा पूर येऊन गेला, आता २११९ पर्यंत निवांत. कोल्हापूर-सांगलीकरांना विचारा. २००५, २०१९, २०२१ असे मोठे पूर त्यांनी सोळा वर्षांत पाहिले.

खरा अर्थ संभाव्यतेचा आहे. शंभर वर्षांचा पूर म्हणजे दरवर्षी तो येण्याची शक्यता १ टक्का. यंदा आला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता कमी होत नाही. तुम्ही लाल रेषेवर घर बांधलंत आणि त्यात ३० वर्षं राहिलात, तर त्या काळात एकदा तरी पाणी दारात येण्याची शक्यता साधारण २६ टक्के होते. निळ्या रेषेवर तेच गणित केलं तर ७० टक्क्यांच्या वर जातं. गृहकर्ज फिटायच्या आत घरात पाणी येण्याची शक्यता न येण्यापेक्षा जास्त, असा त्याचा सरळ अर्थ. शिवाय हे आकडे जुन्या पावसाच्या नोंदींवरून काढलेले असतात. पाऊस थोड्या दिवसांत जास्त कोसळू लागला, किंवा पात्रात भराव आणि बांधकामं वाढली, तर रेषा जुनी होते आणि पाणी तिच्या पलीकडे जातं.

‘लोकच हलायला तयार नसतात’

हा आक्षेप प्रशासनाकडून नेहमी ऐकू येतो आणि तो खोटा नाही. कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीच्या लोकांना १९८९ च्या पुरानंतर सोनतळीला भूखंड दिले गेले. तरी बरीच कुटुंबं जुन्या गावातच राहिली. पाणी वाढलं की सोनतळी, ओसरलं की परत.

याला अडाणीपणा म्हणणं सोपं आहे. पण त्या कुटुंबाच्या जागी बसून हिशेब मांडून बघा. शेत इथे, ऊस इथे, दुभती जनावरं इथे, दुधाची डेअरी इथे. पूर वर्षातले आठ-दहा दिवस, तेही सगळ्या वर्षी नाही. पोट ३६५ दिवस. धोका टळावा म्हणून रोजची कमाई सोडायची, हा सौदा कोणालाही जड जातो. मुंबईत राहणारा माणूसही दरवर्षी पाणी तुंबतं म्हणून मुंबई सोडत नाही.

म्हणून पुनर्वसनाचा आराखडा घरापासून सुरू न करता कमाईपासून सुरू केला, तर लोक हलण्याची शक्यता वाढते. नव्या जागेपासून शेत किती लांब? गोठ्याला जागा आहे का? भूमिहीन माणसाला तिथे मजुरी मिळेल का? मुलींची शाळा चालत जाण्याच्या अंतरावर आहे का? आदिवासी वाडी असेल तर रानाशी असलेला संबंध तुटतो का? याची उत्तरं नसतील, तर रिकामी घरं आणि भरलेलं जुनं गाव हे दृश्य दिसणारच.

आणि काही वेळा न हलवताच जोखीम कमी होते. पूरपट्ट्यात राहायचंच असेल तर जोतं उंच घ्यायचं, वरच्या मजल्यावर धान्य आणि कागदपत्रं ठेवायची सोय करायची, मातीच्या भिंती टाळायच्या, जनावरांसाठी उंचावर सामाईक जागा राखायची. अनेक माणसं घर सोडत नाहीत ती जनावरांपायी, हे बचावकार्यात असलेला कोणीही सांगेल.

‘आधी डोक्यावर छप्पर द्या, सुरक्षिततेचं नंतर बघू’

पावसात उघड्यावर पडलेल्या माणसाच्या तोंडी हे वाक्य अगदी रास्त आहे. घाई हवीच. पण घाई तात्पुरत्या निवाऱ्याची करावी, कायमच्या घराची नको. तात्पुरता निवारा चांगला, कोरडा आणि कामाच्या जवळ असला, तर कायमच्या घराबद्दल विचार करायला लोकांना उसंत मिळते. आपल्याकडे उलटं होतं. तात्पुरत्या निवाऱ्याकडे दुर्लक्ष आणि कायमच्या घराला उशीर. तळियेतली कुटुंबं कंटेनरच्या घरांत फार काळ राहिली. उन्हाळ्यात पत्र्याच्या डब्यात राहणं काय असतं, हे वेगळं सांगायला नको.

दुसरं, पूर्वसूचना आणि सुरक्षित घर यांची कामं वेगळी आहेत. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार लोक गेले. त्यानंतर त्या राज्यानं निवारा केंद्रं बांधली, एरवी त्यांत शाळा भरतात. गावपातळीवर स्वयंसेवक तयार केले. मे २०१९ मध्ये फणी वादळ पुरीला धडकलं तेव्हा बारा लाखांहून अधिक लोकांना आधीच हलवलं होतं, आणि राज्यातले मृत्यू ६४ वर थांबले. हे प्रचंड यश आहे. तरीही फणीत लाखो घरांची पडझड झाली. सूचनेनं जीव वाचतो, घर वाचत नाही. घर गेलेलं गरीब कुटुंब कर्जात जातं, मुलांची शाळा सुटते, आणि पुढच्या वादळाला ते आधीपेक्षा कमकुवत होऊन सामोरं जातं.

मुलांचा विषय निघाला म्हणून सांगतो. किल्लारीच्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेनं सुमारे १,२०० मुलांना पुण्यात नेऊन शिकवलं. घरांच्या हिशेबात ही गोष्ट कुठेच बसत नाही, पण पुनर्वसन म्हणजे काय, याचं याहून नेमकं उदाहरण मला सुचत नाही.

पैसा कुठून येणार?

घर पूर्ण पडलं तर राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांनुसार मैदानी भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये ठरवले होते. या रकमेत पट्टे, चांगला पाया आणि उंच जोत्यासह पूर्ण घर बांधणं कठीण आहे. ही रक्कम आधार म्हणून दिली जाते, भरपाई म्हणून नाही. म्हणूनच घरकुल योजना, रोजगार हमी आणि देणग्या तिला जोडाव्या लागतात, आणि ही जोडाजोड जिल्हाधिकाऱ्याच्या तडफेवर अवलंबून राहते.

त्याच वेळी एक तरतूद आहे जी फारशी कोणाला माहीत नाही. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या काळासाठी राज्यांच्या आपत्ती निधीचे भाग पाडले. त्यातला २० टक्के वाटा आपत्ती यायच्या आधीच जोखीम कमी करण्यासाठी वेगळा काढला. उरलेल्या ८० टक्क्यांतूनही एकूण निधीच्या ३० टक्के पुनर्बांधणीसाठी आणि १० टक्के सज्जतेसाठी राखले. म्हणजे संरक्षक भिंत, उताराचं पाणी वळवणं, धोक्याच्या शाळेचं मजबुतीकरण यासाठी आपत्तीची वाट बघायची गरज नाही. त्यासाठी पैशांचं खातं आहे. त्यातून तुमच्या जिल्ह्यात काय झालं, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात एक प्राधिकरण आहे आणि जिल्हाधिकारी त्याचा अध्यक्ष असतो. प्रश्न कोणाला विचारायचा, हेही त्यामुळे स्पष्ट आहे.

गावात बसून काय करता येईल?

नुकसान झालेलं असेल, तर पंचनाम्याच्या वेळी घर ‘पूर्णतः’ की ‘अंशतः’ पडलं, यात काय लिहिलं जातंय ते वाचून घ्या, फोटो काढून ठेवा. पुढची सगळी मदत त्या एका शब्दावर ठरते. घर बांधायला घेताना गवंड्याला आरपार दगड, कोपऱ्यांची गुंफण आणि लिंटेलचा, म्हणजे दारं-खिडक्यांच्या वरचा, सलग पट्टा याबद्दल विचारा. तो ‘आपल्याकडे लागत नाही’ म्हणाला, तर दुसरा गवंडी बघा. जुनं माळवद असेल तर वरची जास्तीची माती उतरवून, गळती थांबवण्यासाठी प्लास्टिकचा थर घालून वजन कमी करता येतं. याला फार पैसे लागत नाहीत. आधी अभियंत्याला लाकूड तेवढं तपासायला सांगा.

नुकसान झालेलं नसेल, तर ग्रामसभा आहे. १ मेची ग्रामसभा पावसाळ्याच्या तोंडावर असते. तिथे चार गोष्टी विचाराव्यात: आपलं गाव जिल्ह्याच्या दरडप्रवण किंवा पूरप्रवण यादीत आहे का, असेल तर रात्री दोन वाजता हलायची वेळ आली तर निरोप कोण देणार, अंथरुणाला खिळलेली माणसं आणि बाळंतिणी यांची यादी कोणाकडे आहे, आणि ज्या शाळेत सगळ्यांना नेणार, त्या शाळेची भिंत कधी कोणी तपासली होती.